चिमटेबुवांनी मोठ्याने वाचलं तो रविवार

चिमटेबुवा घड्याळं दुरुस्त करतात. हातात सदा चिमटा असतो म्हणून आपल्याला हे नाव पडलं, अशी त्यांची समजूत. खरं कारण इमारतीच्या सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. हा माणूस शब्दसुद्धा चिमट्याने उचलतो. एका वेळी एक, आणि तोही अगदी निकड असेल तर. गिऱ्हाईक पाच मिनिटं घड्याळाची रडकथा सांगतं. बुवा ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘‘गुरुवारी.’’ संपलं.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताईंची नजर चाळिशीनंतर हळूहळू गेली. जीभ मात्र शाबूत. पूर्वी त्या कचेरीत टंकलेखन करायच्या, त्यामुळे बोटांना अक्षरं पाठ. गेली तीन वर्षं एका दवाखान्यातले डॉक्टर आपले अहवाल बोलून ठेवतात आणि ताई ते कानाला लावून लॅपटॉपवर टाइप करतात. लॅपटॉप त्यांना प्रत्येक ओळ वाचून दाखवतो. बुवांच्या घरात आपल्याशी सर्वांत जास्त बोलणारा तोच, असं ताई म्हणतात.

तर शुक्रवारी संध्याकाळी हा लॅपटॉप स्वतःला नवीन करून घ्यायला बसला आणि मध्येच त्याने बसकण मारली. शनिवारी दिवसभर पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं वर्तुळ. लॅपटॉपचा दुकानदार म्हणाला, ठेवून जा, आठ दिवस लागतील. आणि सोमवारी दुपारी चाळीस अहवाल द्यायचे होते. ते टाइप झाले होते, पण ताईंची शिस्त अशी, की सगळं काम एकदा सलग ऐकल्याशिवाय पाठवायचं नाही. म्हणजे चाळीसच्या चाळीस त्या मुक्या पेटीत अडकले. दवाखान्यातल्या कारकुनाने मागच्याच महिन्यात गोड आवाजात सुचवलं होतं, ‘‘ताई, हल्ली ऐकून टाइप करणारी यंत्रं निघाली आहेत बरं का.’’ एकदा वेळ चुकली, की ताई खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायला मोकळ्या.

त्या रात्री ताई नीट जेवल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. बुवा हबकले ते त्यामुळे.

रविवारी बुवांचं घड्याळांचं दुकान बंद. बुवांनी कपाटातून जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडीची तबकडी शोधून काढली आणि लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून पाहिला. तबकडी घालायची जागाच नाही. डोळ्याला भिंग लावून पुन्हा पाहिलं.

‘‘काय करतोयस?’’ ताईंनी विचारलं.

‘‘खाच.’’

‘‘नाहीये ती. विकणाऱ्यानं तेव्हाच सांगितलं होतं. मला विचारलं असतंस तर भिंगाचे कष्ट वाचले असते.’’

बुवा पेनड्राइव्ह घेऊन तळमजल्यावरच्या वाचनालयात गेले. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांनी लॅपटॉप चालवणाऱ्या नव्या प्रणालीची भलीमोठी फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर टाकली आणि वर आले. लॅपटॉपने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा खाली. ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘अहो, फाइल नुसती टाकून कसं चालेल? पुस्तक न उघडता उशाखाली ठेवल्यासारखं झालं ते. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झालं पाहिजे, तसा तो आधी तयार करावा लागतो.’’ त्यांनी आपली रविवारची आवराआवर बाजूला ठेवली, तासभर खपून पेनड्राइव्ह तयार केला आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं, की लॅपटॉप चालू करताक्षणी कुठलं बटण टकटक दाबायचं. बुवांना आभार मानायचे होते. त्याऐवजी त्यांनी बाईंच्या भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, गती कमीजास्त करणारा मागचा काटा जरासा सरकवला, परत टांगलं आणि निघून आले. ते रोज चार मिनिटं मागे पडायचं.

आता मात्र लॅपटॉपने ऐकलं. पडदा निळा झाला.

ताईंनी खुर्ची शेजारी ओढली. ‘‘अजून हा माझ्याशी बोलत नाहीये. तेव्हा तू वाच. सगळं. अक्षर न अक्षर.’’

‘‘महत्त्वाचं वाचतो.’’

‘‘महत्त्वाचं काय ते मी ठरवीन. तू वाच.’’

मग जिन्याला ऐकू आलं ते नवलच होतं. बुवांचा आवाज, आणि तोही सलग. भाषा वाचली, वेळ वाचली, अटी वाचल्या. अटी इतक्या लांबलचक की वरच्या मजल्यावरच्या आजींनी चौकशीला माणूस धाडला, की बुवांना बरं नाही का.

पुढे यादी आली. यंत्राच्या पोटातल्या जागेचे कप्पे एकाखाली एक. आणि इथे बुवांच्या हाडात मुरलेला धंदा उफाळून आला. घड्याळ उघडलं की प्रत्येक चाक काढायचं, धुवायचं, पुसायचं. अर्धवट साफसफाई म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, असं त्यांचं व्रत. त्यांनी पहिला मोठा कप्पा पुसला. एक शब्द न बोलता दुसऱ्यावर बाण नेला, ‘पुसा’वर टिचकी मारली. पडद्यावर एक चौकट आली.

‘‘का थांबलास?’’ ताई म्हणाल्या.

‘‘काही नाही.’’

‘‘धाकट्या, तुझं गप्प बसणं मला ऐकू येतं. काय लिहिलंय?’’

बुवांनी घसा साफ केला. ‘‘या भागात तुमच्या महत्त्वाच्या फायली असू शकतात. पुसल्यास त्या जातील.’’

‘‘कुठला भाग?’’

‘‘दुसरा. मोठा.’’

‘‘हात काढ.’’

बुवांनी तापल्या तव्यावरून काढावा तसा हात काढला.

‘‘पहिल्या कप्प्यात यंत्राचा संसार, दुसऱ्यात माझं काम. घेतानाच तसे दोन करून घेतलेत. चाळीसच्या चाळीस तिथे आहेत.’’

‘‘आधी सांगायचंस.’’

‘‘तू पुसतोयस हे आधी सांगायचंस.’’

बुवांनी चौकटीतलं ‘नको’ मोठ्याने वाचलं आणि मगच दाबलं. पहिल्या रिकाम्या जागेत नवी प्रणाली बसू लागली. त्यानंतर ते टक्केसुद्धा वाचत होते. बारा. तेरा. चौदाला ताई म्हणाल्या, दहा-दहानं वाचलंस तरी चालेल.

शंभर झाले, यंत्र बंद होऊन चालू झालं, आणि पडद्यावर पुन्हा पहिलाच निळा प्रश्न: भाषा कुठली? बुवांचा चेहरा उतरला. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ग्रंथपालबाईंनी ठळक लिहिलं होतं, ‘आता पेनड्राइव्ह काढा.’ बुवांनी चिठ्ठी उलटलीच नव्हती. तो काढून पुन्हा चालू केलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. थोड्या वेळाने ताईंनी वाचून दाखवणं सुरू करणारी तीन बटणं एकदम दाबली आणि लॅपटॉप घडाघडा बोलू लागला.

ताईंनी दुसरा कप्पा उघडला. पहिला अहवाल सुरू झाला: कुणाचा तरी गुडघा, कुणाची तरी साखर. ताईंची मान हलायला लागली. बुवा भिंतीला टेकून ऐकत राहिले.

‘‘तू थांबवलंस,’’ ते म्हणाले.

‘‘तू वाचलंस म्हणून थांबवता आलं. सकाळपासून माझ्यासाठी तीन वेळा जिना उतरलास.’’

‘‘दोन.’’

‘‘तरीसुद्धा.’’

संध्याकाळपर्यंत चाळीसही ऐकून झाले आणि एक दिवस आधीच गेले. सोमवारी सकाळी दवाखान्यातून नवं ध्वनिमुद्रण आलं, बरोबर कारकुनाचा निरोप: ऐकून टाइप करणाऱ्या यंत्राने ‘डावा’चा ‘उजवा’ केला, तुम्हीच करा. बुवा दुकानाला निघाले होते. दारात थबकून ते वाचनालयात काय बोलायचं याची मोठ्याने रंगीत तालीम करू लागले: ग्रंथपालबाई, तुमचे फार उपकार झाले, नाहीतर माझ्या बहिणीचं...

‘‘धाकट्या,’’ ताई कानात इअरफोन खोचत म्हणाल्या, ‘‘ते खाली जाऊन म्हण. इथे आता जरा गप्प बस. डॉक्टर बोलतोय.’’