खिळ्यावरचा कुत्रा

आमच्या वन्सं म्हणजे तिखट जीभ आणि चावल्याच्या खुणांनी भरलेले हात. नवऱ्याची बहीण, म्हणून सोसायची. जन्म गेला जनावरांच्या दवाखान्यात. या कुत्री-मांजरं धरायच्या, डॉक्टर सुया टोचायचे. पुढे कॉलेजने अशा मदतनिसांसाठी वर्ग काढला आणि शिकवायला यांना बोलावलं. खोली दिली मोडक्या बाकड्यांची. शेजारी रसायनाचे सर. स्वतः अख्खा जिना वासाने नासवायचे, पण नाक धरायचे ते वन्संना बघून.

प्रिन्सिपलने बजावलं, "आवारात जिवंत जनावर दिसलं, की वर्ग बंद."

मग वन्संनी मला कुत्रा शिवायला लावला. जुन्या गोधडीचा.

"तोंड तुमच्यावर गेलंय," मी म्हटलं.

"आणि डोकं शिवणारीवर. नुसता कापूस."

वर्षभर मुली त्याच्यावर तोंड बांधायला, पाय धरायला शिकल्या. तास संपला की त्याला शेपटीने खिळ्याला टांगायचं, दुसऱ्या दिवशी शेपटीनेच ओढून काढायचं.

तपासणीची समिती आली, तेव्हा मी त्याचा उसवलेला कान शिवायला तिथेच होते. मान्यता मिळाली तरच वर्ग राहणार होता. समितीतल्या डॉक्टरांनी गाडीतून स्वतःचा कुत्रा आणला. सगळ्यांत हुशार पोरगी पुढे झाली आणि सवयीने थेट शेपटीलाच हात! कुत्रा गर्रकन वळला. बाही गेली, हात वाचला. रसायनाच्या सरांना हसू आवरेना.

डॉक्टर म्हणाले, "महिन्याने परत येईन. तोवर मुलींना जिवंत कुत्र्यांवर शिकवा. नाही तर कुलूप."

"आवारात नाही म्हणजे नाही," प्रिन्सिपल खुशीत बोलला. मग माझ्याकडे वळून, "बाई, हे बोचकं घरी न्या. नणंदेलाही न्या सोबत."

वन्संना टाकून बोलायचा हक्क माझा, इतक्या वर्षांचा कमावलेला. हा कोण टिकोजीराव?

"आमचं मागचं अंगण काही तुमच्या आवारात येत नाही," मी म्हटलं.

वन्सं बघतच राहिल्या. "वहिनी, तुम्हाला तर कुत्र्यांची शिसारी."

"तुमचीही आहे. तरी राहताच की घरात."

महिनाभर भटक्या कुत्र्यांनी माझ्या चादरींच्या चिंध्या केल्या. डॉक्टर अंगणातच आले. तीच पोरगी समोरून गेली, कुत्र्याशी बोलली, त्याला हात हुंगू दिला, मग तोंड बांधलं. शेपटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान्यता मिळाली. प्रिन्सिपलचं तोंड न बांधताच बंद.

गोधडीचा कुत्रा आता माझ्या खोलीत असतो. वन्सं परवा म्हणाल्या, "शिवण कच्चीच होती."

टांगलाय मी त्याला. शेपटीनेच.