आत्याचं इटालियन
माझी आत्या बॅगांच्या कारखान्यात चामडं शिवायची. एकवीस वर्षं एकाच खिडकीखाली, एकाच स्टुलावर. माल इटलीला जायचा, तिथली गिऱ्हाइकं यायची, तिच्यासमोरच बॅग उलटसुलट करून काहीबाही बोलायची. "माझ्या टाक्यांबद्दल बोलतात आणि मी ठोंब्यासारखी बसते," म्हणत तिने पन्नाशी उलटल्यावर वाचनालयातून इटालियन शिकायचं पुस्तक आणलं.

आतोबा हसले. "या वयात? आधी मोबाईल तरी धड वापर."

आत्याने कानाडोळा केला. भाजी चिरता चिरता ती क्रियापदं घोकायची. तिथेही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं असतं, हे तिला फार आवडलं. "म्हणजे माणसं बरी असणार," तिने निकाल देऊन टाकला.

मग एक दिवस तिकडच्या एक बाई खरेदीला आल्या. मालकांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं, "मान वर करायची नाही. बोलायचं ते मी बोलेन."

बाईंनी टेबलावर मांडलेल्या बॅगांवरून नुसती नजर फिरवली आणि थेट खालच्या फळीवरची बॅग उचलली. तपकिरी चामडं, हळदी रंगाचा दोरा. ती आत्याने स्वतःच्या मनाने शिवली होती आणि मालकांनी "हा काय पोरखेळ?" म्हणून बाजूला टाकली होती.

आत्या उठली. एप्रनला हात पुसले.

"सिन्योरा, लेई आ बुऑन गुस्तो."

बाईसाहेब, तुमची आवड चांगली आहे.

शिलाई मशिनं एकेक करून थांबली. बाई खुलल्या. त्यांनी मालकांकडे वळून इंग्रजीत विचारलं, कोणी शिवली? मालक घाईघाईने म्हणाले, "आमच्या डिझायनरने." कारखान्यात डिझायनर नावाचा प्राणीच नव्हता.

"लो कुचीता ईओ," आत्या स्वतःकडे बोट दाखवत म्हणाली. मी शिवली.

बाई गेल्यावर तिला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"माफीनामा लिहून द्या."

"कशाचा? चांगल्याला चांगलं म्हटलं त्याचा?"

"तुम्ही मला खोटं पाडलंत!"

"खोटं तुम्ही बोललात, साहेब. मी फक्त तिथे हजर होते."

"उद्यापासून येऊ नका."

"तसं लेखी द्या, मग नाही येत."

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला आत्या स्टुलावर हजर. आजूबाजूच्या बायका तिच्याशी दबक्या आवाजात बोलत होत्या; ती मात्र नेहमीच्याच आवाजात. लेखी काही आलं नाही. तीन आठवड्यांनी आली ती त्या हळदी दोऱ्याच्या चारशे बॅगांची मागणी. तसा तिरका हातटाका कारखान्यात दुसऱ्या कोणाला जमत नव्हता.

मालक स्वतः चालत तिच्या खिडकीपाशी आले. घसा खाकरून म्हणाले, "तो दोरा कुठून आणला होता?"

"सांगते. आधी चांगलं शिवलंय म्हणा. आपल्या भाषेत म्हटलंत तरी चालेल."

मालक मशिनकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"जरा मोठ्याने," आत्या म्हणाली. "मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."