सुप्याचे अप्पा आणि माझा अस्सल कॅमशाफ्ट

इंजिन तपासायला आलेला माणूस इंजिनाकडे पाठ करून उभा राहतो, हे मी अप्पांच्या आधी कुठं पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरला म्हणायचे, "चालू ठेव, रेस दिऊ नको." मग रानाकडे तोंड करून सावकाश पानाला चुना लावायचे. पान तोंडात जाईपर्यंत इंजिनाचं दुखणं त्यांना कळलेलं असे. मला ते सगळं खोलून, तोंड काळं करून घेतल्यावरही कळत नसे. जळफळाट व्हायला माणसाला आणखी काय लागतं?

सुपा गाव धरणात बुडायच्या आधी आमचा जंगलातला तालुका त्याच्याच नावानं चाले. मी खानापूरकडून आलेला, लाकडाच्या ठेकेदाराकडे मिस्त्री. अप्पा इथलेच कुणबी. भातशेती सांभाळून लाकूड कापायच्या गिरणीत इंजिनं शिकलेले. मी दिवसभर खपून लॉरी दुरुस्त करायचो आणि ड्रायव्हर मलाच विचारायचा, "मिस्त्री, अप्पांना ऐकवली काय?"

त्यांची जिरवायची म्हणून मी एक पराक्रम केला. लॉरीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडमिट करणारा दांडा, झिजला होता. हुबळीच्या एका भंगारवाल्याकडे बाहेरचा मिळाला. त्यानं स्वच्छ सांगितलं, "हा कंपनीचा नव्हे. शर्यतीच्या मोटारीसाठी कुणीतरी घडवलेला. गाडी वाऱ्यासारखी पळेल." मला तेच हवं होतं! ठेकेदाराला मात्र सांगितलं, अस्सल कंपनीचा माल. पुरावा म्हणून जुन्या शाफ्टवरचा नंबर पंच-हातोडीनं नव्यावर ठोकला.

सपाटीवर लॉरी अशी धावली की आठ दिवस मी छाती काढून फिरलो. नवव्या दिवशी सागाचे ओंडके लादून घाट चढताना ती पहिल्याच वळणावर आचके देत थांबली आणि मागं घसरू लागली. हमालांनी चाकांना दगड लावले म्हणून दरीत गेली नाही.

ठेकेदारानं लॉरी लाकडाच्या डेपोत ओढून आणवली, अप्पांना बोलावलं आणि मला बजावलं, "माल खोटा निघाला तर हत्यारांची पेटी उचलून चालू लागायचं, मिस्त्री."

अप्पा पाठमोरे उभे राहिले, ऐकलं, म्हणाले, "हिला काळीज दुसऱ्याचं घातलंय."

"नंबर बघा की!" मी ओरडलो.

त्यांनी इंजिनाचं चपटं डोकं उतरवलं. या जातीच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारीच असतात. डोकं काढलं की सगळे समोर. एका व्हॉल्व्हवर बांबूची काडी उभी धरली, ड्रायव्हरला हँडल हळूहळू फिरवायला लावलं आणि व्हॉल्व्ह वर आला तिथं नखानं खूण केली. मग शेजारच्या तसल्याच लॉरीचं डोकं उतरवून तीच काडी तिथं. खुणांत तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा फरक. आमच्या लॉरीचा व्हॉल्व्ह मिटायला हँडलही जास्त फिरवावं लागलं.

"जास्त उघडतोय, उशिरा मिटतोय. पळंल ही, पन वझं घिऊन चढायची न्हाई."

शाफ्ट बाहेर काढला. मी तरीही नंबरावर बोट ठेवलं. अप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला. ताज्या ठोक्याची धार अजून टोचत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ठेकेदाराला म्हणाले, "मिस्त्रीला दुकानदारानं फशिवलं. नंबर बी मारून दिलाय बघा."

माझी पेटी जागेवर राहिली. नंतर त्यांना एकट्यात गाठून मी पुटपुटलो, "अप्पा, तुम्हाला कळलं होतं."

"व्हय. सात वाकडा पडलाय. पंच सरळ धरीत जा."

"मग सांगितलं का नाही?"

"पेटी उचलल्यावर तुझी बायकापोरं काय नंबर खानार व्हय?"

कानाचा हेवा एक वेळ पचतो. चांगुलपणाचा पचत नाही. त्यात खोट सापडावी म्हणून मी महिनाभर झटलो.

पुढं गिरणीच्या आवाजानं म्हणा, वयानं म्हणा, अप्पा जवळजवळ बहिरे झाले. एकदा डेपोत आले, तेव्हा मी तयार केलेली लॉरी ओंडके घेऊन घाटाला निघाली होती. चालवणार त्यांचाच पुतण्या.

"कसं वाजतंय रं?" त्यांनी मला विचारलं. मी हातानं 'बरं आहे' अशी खूण केली.

पुतण्या त्यांच्या कानाशी ओरडला, "काका, तुमी एकदा हात लावून बघा की."

"त्यानं बघितलंय न्हवं? सोड लॉरी."

लॉरी गेली. एवढा विश्वास तर माझाही माझ्यावर नव्हता. तोही त्यांच्याचकडे जास्त! मी रस्त्याकडे कान लावून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं घाटमाथ्यावरून हॉर्न वाजला. मी अप्पांकडे धावत जाऊन, हात उंच करून, लॉरी चढली असं खुणेनं सांगितलं.

"म्हाईत हाय," अप्पा म्हणाले. "तू पानी पी."