सिनेमाच्या म्युझियममध्ये आमची फर्स्ट शिफ्ट

आमच्या कॅन्टीनमध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. तारापूरच्या केमिकल प्लांटमध्ये दिवसभर ‘हे करू नका, ते करू नका’ ऐकलेल्या माणसाचं तोंड शेवटी चहाच्या टेबलावरच सुटतं. त्यात सुरक्षा सप्ताहाचं बक्षीस म्हणून आमच्या शिफ्टची सहल मुंबईला गेली, सिनेमा आणि टीव्ही कसे बनतात ते दाखवणाऱ्या म्युझियममध्ये. तेव्हापासून जे आलेच नव्हते तेही हे किस्से सांगतात, आणि वर माझ्या चुका काढतात! म्हणून एकदाचं मीच सांगते. मी लॅबमध्ये असते. शिफ्टमधली एकटी बाई, म्हणून सगळ्यांची ताई.

*

गेटवर बॅगा तपासायचं टेबल होतं. सिक्युरिटीवाला काही बोलायच्या आत आमच्या अकराही जणांनी मोबाईल काढून त्यावर ठेवले. कोणी काडेपेटी ठेवली, कोणी लायटर. प्लांटच्या दाराशी रोज हेच करतो, त्यामुळे हात आपोआप खिशात जातो.

“अहो, मोबाईल आत चालतो,” तो म्हणाला. “लोक फोटो काढायलाच येतात.”

“नको, राहू द्या,” आमचे राऊत म्हणाले. “उगाच स्पार्क नको.”

म्युझियममधला आमचा एकही फोटो नाही, त्याचं कारण हे.

*

आत एका सिनेमासाठी उभारलेली कंट्रोल रूम होती. तिच्या पॅनलवर एक लाल दिवा सारखा लुकलुकत होता. सगळे पुढे गेले, पण मिश्रा काही हलेना. मिश्रा सरावलीत राहतो आणि खऱ्या कंट्रोल रूममध्ये बसतो.

“ताई, अलार्म आया है और कोई देख नहीं रहा.”

“अरे, प्लायवूड आहे ते.”

“प्लायवूड है तो क्या हुआ? अलार्म तो अलार्म है.”

त्याने दोरी ओलांडली आणि अलार्म बंद करायचं बटण दाबलं. ते बटण नुसतं रंगवलेलं होतं. तरी ते दाबल्यावरच गडी पुढे आला.

*

केळव्याचे राऊत पंप सांभाळतात. पंपाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, की त्यांना आतलं सगळं कळतं. आवाजांच्या दालनात गाइड मुलीने आम्हाला डोळे मिटायला सांगितलं आणि सुपात तांदूळ फिरवले.

“काय ऐकू आलं?”

“पाऊस,” आम्ही सगळे एकदम.

राऊत डोळे मिटूनच म्हणाले, “मॅडम, तुमच्या एसीचं बेअरिंग जायला आलंय.”

ती हसली. आम्ही पुढच्या दालनात पोचेपर्यंत एसी बंद पडला. मग मात्र तिने राऊतांना आणखी काय काय बिघडणार आहे ते नीट विचारून घेतलं.

*

आता रमाकांतदादा. नवापूरचे, मच्छीमार घरातले, आमच्या शिफ्टचे आधीचे इन्चार्ज.

दोन वर्षांपूर्वी प्लांटमध्ये गॅस लीक झाला. दादांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मोजलं, तर एक कमी. राऊत आतच राहिले होते. दादा दारापर्यंत गेले आणि तिथे त्यांचे पाय उचललेच नाहीत. राऊतांना मास्क घातलेल्या फायर टीमने बाहेर आणलं, आणि दोन दिवसांत ते ठणठणीत झाले. मास्कशिवाय आत जायचंच नसतं, नियमाने दादांचं बरोबरच होतं. राऊतांनी स्वतः त्यांना शंभरदा सांगितलं. पण दादा त्या दिवसापासून प्लांटच्या दारातून आत गेले नाहीत, स्टोअरमध्ये बसू लागले. सहलीनंतरच्या सोमवारी ते राजीनामा देणार होते. पत्र मी वाचलं होतं, आणि मला फार वाईट वाटलं होतं.

*

म्युझियमच्या शेवटच्या दालनात भुताच्या सिनेमाचा सेट होता. गंमत म्हणून त्या गाइड मुलीने न सांगता धुराचं मशीन चालू केलं. जमिनीवरून पांढरा धूर पसरायला लागला.

“बाहेर,” दादा म्हणाले. एवढंच.

पुढचं आमच्या अंगात भिनलेलं. धावायचं नाही, ओरडायचं नाही, नाकाला रुमाल लावून ओळीने निघायचं. जाताना आम्ही गाइड मुलीला आणि शेजारी उभ्या असलेल्या नागपूरच्या एका कुटुंबालाही घेतलं. पार्किंगमध्ये राऊतांनी झेंडा बघून वारा कुठून येतोय ते सांगितलं, त्या बाजूला सगळे रांगेत उभे राहिलो. नागपूरच्या काकूंनी मला हळूच विचारलं, “हे तिकिटातच आहे का हो?”

मुलीला बोलायची संधी मिळाली तेव्हा ती म्हणाली, “अहो, खोटा आहे तो धूर! सिनेमाचा!”

मी हसून हसून खाली बसले. दादा तेवढे हसले नाहीत. ते मोजत होते.

“धाच हाय. मिश्रा नाय.”

“येतील हो काका ते. खोटाच धूर आहे,” मुलगी म्हणाली.

दादा दारापर्यंत गेले. धूर उंबऱ्यावरून बाहेर येत होता. तिथे ते थांबले. आमचं हसू बंद झालं. शेजारी राऊत अगदी बारीक आवाजात म्हणाले, “जा रे, रमाकांत.”

दादा आत गेले.

पाच मिनिटांनी ते मिश्राला दंडाला धरून घेऊन आले. डबिंगच्या खोलीत हेडफोन लावून हा बाबा हीरोचे डायलॉग मारत बसला होता, आणि “एक टेक बाकी था” म्हणून वर कुरकुरत होता. दादांनी त्याला रांगेत उभं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अकरा भरले तेव्हा मला रडू आलं, खरंच सांगते.

*

सोमवारी पावणेसातला दादा ऑफिसकडे वळले नाहीत. प्लांटच्या दाराशी हेल्मेट घालून उभे होते. आमच्या सेफ्टीच्या साहेबांना सगळं कळलेलंच होतं. त्यांनी विचारलं, “रमाकांत, धूर खोटा आहे असं सांगितलं होतं ना तुम्हाला? मग परत आत कशाला गेलात?”

दादांनी हनुवटीखालचा पट्टा आवळला.

“मिश्रा आत व्हता ना,” ते म्हणाले, आणि दार ढकलून प्लांटमध्ये गेले.