मोबाईल पुढे धरणारी शेजारीण

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चुकतं, त्याची माफी असावी.

इथे बहरीनला, जिदहफ्स गावात, आमच्या खाली एक बहरीनी म्हातारी राहते. मला ‘बिंती’, म्हणजे पोरी, म्हणते. तिचा एसी बंद पडला तेव्हा मी यांना न सांगता तिला साठ दिनार उसने दिले. पैसे माझ्या व्हिसाचे होते. सरकारची वर्षाची मदत रमजानआधी खात्यात जमा झाली की देते, म्हणाली.

मी कधी मागितले नाहीत. तरी मी जिन्यात दिसले की तीच खात्यातली शिल्लक दाखवायला मोबाईल माझ्यापुढे धरायची. “मफी, बिंती. अभी नहीं आया. आएगा, इंशाल्ला.” मफी म्हणजे ‘नाहीत’. मग मी कचरा टाकायलाही चोरून जाऊ लागले.

रमजान दोन दिवसांवर आला. हे म्हणाले, “व्हिसाचे पैसे काढून ठेव गं, उद्या भरायचेत.” “हो,” म्हणाले मी.

संध्याकाळी दार वाजलं. म्हातारी धापा टाकत उभी होती. तिने नोटा मलाच मोजायला लावल्या. मग सवयीने मोबाईल पुढे धरला. मदत जमा झाली होती, पण आता खात्यात तीनच दिनार उरले होते.

“खलास,” म्हणून ती हसली. माझे साठच्या साठ फिटले होते.