बसलिंगप्पाचा उजवा पाय

बसलिंगप्पाचा डावा पाय शहाणा होता. उजवा मात्र कायम घाईत. चहाच्या हॉटेलात बाकावर बसला की त्याचा उजवा गुडघा हलायला लागे आणि त्याच बाकावरच्या इतर तिघांच्या बशीतला चहा हिंदकळे. "अप्पा, पाय आवर की! धोतरावर सांडलं," असं कोणी म्हणालं की तो गुडघा हातानं दाबून धरी. हात सुटला की गुडघा पुन्हा सुरू. न्हाव्याकडं दाढी अर्धी झाली की हा उठायला बघे. रांगेत तर तो कधी उभाच राहिला नाही. रांग दिसली की ते कामच त्याला नकोसं होई.

सोलापूर स्टेशनाबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर त्याची जुनी अँबॅसिडर उभी असे. पुणे रस्त्याला लागला की पुढं दिसणारं प्रत्येक वाहन म्हणजे त्याला आपला अपमान वाटायचा. ते मागं टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "अप्पाच्या गाडीत बसायचं तर घरी सांगून बसावं," असं स्टँडवरचे लोक म्हणत, आणि त्याला ते कौतुकच वाटे.

त्र्याहत्तर साल संपता संपता पेट्रोलचे भाव असे चढले की स्टँडवरच्या दोन गाड्यांवर कायमचं ताडपत्रीचं पांघरूण पडलं. आपल्यावर ती पाळी येऊ नये म्हणून बसलिंगप्पानं एका रविवारी एक प्रयोग केला. पेट्रोलची बाटली इंजिनाशेजारी टांगली, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली आणि पुणे रस्त्यावर गाडी सोडली. साठच्या वेगानं बाटली जिथं संपली तिथं त्यानं दगड ठेवला. पन्नासनं गेला तेव्हा बाटली त्या दगडाच्या पुढं गेली. चाळीसनं गेला तेव्हा पन्नासचा दगडही मागं पडला. तो तिसरा दगड ठेवताना त्याचं तोंड अगदी उतरलं होतं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "आता जन्मभर बैलगाडी हाकायची बघ."

त्याची बायको शांतम्मा अक्कलकोटच्या बाजूची. मराठी समजायचं, पण जीव गुंतला की बोलणं कानडीत जाई. तो सकाळी गाडी काढताना ती दारातून म्हणायची, "निधान री." कानडीत त्याचा अर्थ सावकाश. एकदा गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकानं ते ऐकलं आणि हसून म्हणाला, "काय अप्पा! बायको निधान म्हणते तुला? आमच्या घरी तर आम्हाला कोणी फुटका डबाही म्हणत नाही." बसलिंगप्पानं अर्थ काही सांगितला नाही. निधान म्हणजे ठेवा, असं त्या गिऱ्हाइकाला वाटलं तर वाटू दे.

पण उजव्या पायाला ना कानडी कळे ना मराठी. तो आपोआप खाली जाई. शेवटी शेजारच्या विणकरानं मागावरचा एक तुटका धोटा दिला. तो लाकडी तुकडा बसलिंगप्पानं ॲक्सिलरेटरच्या पट्टीखाली घट्ट बसवला. काटा चाळीसला टेकला की पट्टी धोट्यावर अडे. मग ट्रक पुढं जात, एसट्या पुढं जात, एकदा तर स्कूटरवरून जाणारे नवराबायको हात हलवून पुढं गेले. "अप्पा, धक्का मारायला उतरू का?" असं ट्रकवाले ओरडत. "तू फुडं जा आन् माझ्या नावाचा चहा सांग!" असं हा खिडकीतून ओरडे, आणि मग मैलभर आपल्याच पायाकडं रागानं बघत राही.

असाच महिना दीड महिना गेला. माघात एका सकाळी पावणेदहाच्या सुमारास रामहरी आणि पारूबाई हे जोडपं धापा टाकत स्टँडवर आलं. रामहरी गिरणीत माग चालवणारा साचेवाला. वेळापूरच्या अलीकडं एका वाडीवर त्याची धाकटी बहीण रंभाबाई राहायची. तिच्या एकुलत्या एका मुलीचं त्या दिवशी लग्न होतं, मुहूर्त बारा एकेचाळीसचा. आणि सख्खा मामा अजून सोलापुरातच होता, कारण मामा रुसला होता.

रुसण्याचं कारण लग्नपत्रिका. पत्रिकेत मुलीच्या मामांची नावं छापताना चुलतमामा आबासाहेबांचं नाव वर आलं आणि सख्ख्या मामाचं खाली. रामहरीनं पत्रिका वाचली, घडी करून कोनाड्यात ठेवली आणि लग्नाला जाणार नाही असं जाहीर केलं. आठ दिवस त्याला कोणी हलवू शकलं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळची एसटी गेल्यावर पारूबाई एवढंच म्हणाली, "मग पोरीला बोहल्यावर कोण नेणार? पत्रिका?" त्यासरशी रामहरी उठला आणि टोपी शोधू लागला.

"मामानं हात धरल्याशिवाय पोरगी मांडवात येत न्हाय, अप्पा," तो आता टॅक्सीच्या दाराला धरून म्हणत होता. "मी न्हाय पोचलो तर आबासाहेब हात धरंल. जन्मभर ते माझ्या डोळ्यांफुडं ऱ्हाईल. काय बी करा, पण पोचवा."

बसलिंगप्पानं वेताची काडी टाकीत बुडवून बाहेर काढली. पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही केव्हाच बंद पडले होते. या काडीवरच्या खाचाच त्याचं मीटर. तो म्हणाला, "पंपावर पाटी लागलीय, पेट्रोल न्हाय. काल टँकरच आला न्हाय. टाकीत हाय त्येवढ्यावर जायचं. चाळीसनं गेलो तर पोचतोय. साठनं गेलो तर मधी कुटंतरी बाभळीखाली बसायचं."

"चाळीसनं वेळंत जाईल?"

"जाईल की. बसा."

पुणे रस्ता मोकळा होता, काळा आणि सरळ, आणि अशा रस्त्यावर अँबॅसिडर वरातीसारखी चालली होती. रामहरी मागच्या सीटच्या कडेला बसून पुढं झुकला होता. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघे.

"अप्पा, त्यो बघा सायकलवाला आपल्या बरूबर चाललाय."

"उतारावर हाय म्हणून."

"आठ दिस रुसायला सवड व्हती तुमाला," पारूबाई म्हणाली, "आन् आता सायकलवाल्याशी शर्यत लावताय व्हय?"

रामहरीची बोटं सीटच्या पाठीवर तबला वाजवू लागली. तो आवाज थेट बसलिंगप्पाच्या मानेत शिरत होता. त्याला वाटलं, मागं आपलाच पाय बसलाय.

मोहोळचा पंपही कोरडा निघाला. पुढं रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी यायची होती, ती येता येईना. बसलिंगप्पानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, रुळांकडं बघून आला, परत बसला, परत उतरला. पाव तास तिथं गेला. पंढरपूरच्या पंपावरही तीच पाटी होती.

वेळापूरच्या अलीकडं वाडीचा फाटा लागला तेव्हा बारा वीस झाले होते. आतल्या रस्त्यावर साखर कारखान्यानं उसाच्या गाड्यांसाठी नुकतंच डांबर टाकलं होतं. रस्ता आरशासारखा होता. तोंडाशीच दगड होता, त्यावर वाडीच्या नावाखाली सहाचा आकडा. बसलिंगप्पानं उतरून काडी बुडवली. तळाशी ओल लागली, अर्ध्या खाचेच्याही खाली. त्यानं मनात हिशेब केला. सहा किलोमीटर म्हणजे काय, आता कसंही गेलं तरी पेट्रोल पुरतंय.

"अप्पा," रामहरी रडकुंडीला येऊन म्हणाला, "आता तरी दाबा की वो!"

बसलिंगप्पा खाली वाकला, दोन हिसके देऊन धोटा उपसला आणि पायाजवळ टाकला. दीड महिना दबलेला पाय खाली गेला. गाडीनं एक आचका दिला आणि ती सुटली. काटा पन्नास, पंचावन्न, साठ. बाजूचा ऊस नुसती हिरवी रेघ होऊन मागं पळायला लागला. पारूबाईनं डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेतलं. बसलिंगप्पाचं तोंड मात्र उजळलं होतं. तो कानडीत काहीतरी गुणगुणत होता.

पाचाचा दगड यायला वेळ लागला. चाराचा तर त्याहून उशिरा आला. दुसऱ्या कोणा ड्रायव्हरला इथं शंका आली असती. पण बसलिंगप्पाला जन्मात कुठला दगड वेळेवर आलेला वाटलाच नव्हता. पुढचा दगड नेहमी उशिराच यायचा, मग आज उशिरा आला तर नवल काय? तीन गेला. दोनचा दगड दिसला आणि गाडी खोकली. आणखी दोनदा खोकली आणि त्या दगडाशेजारी जाऊन उभी राहिली.

समोरून सायकलला दुधाच्या किटल्या लावून एक म्हातारा येत होता. बसलिंगप्पानं त्याला हात केला. "बाबा, वाडी इथून दोन किलोमीटर हाय न्हवं?"

"किलोमीटर कसलं? दगूड सायबाच्या येळचं हायती. डांबर नवं टाकलं, दगूड कोन बदलतंय? दोन मैल हाय की!"

बसलिंगप्पा दगडाकडं बघतच राहिला. सहा मैल. चाळीसनं आला असता तरी ते पेट्रोल वाडीपर्यंत पुरलं असतं, आणि मुहूर्ताला पाच मिनिटं राखून पोचला असता. दीड महिन्यात एकदाच पायाचं ऐकलं होतं.

बारा सत्तावीस झाले होते. रामहरी रस्त्याच्या कडेला मटकन बसला. पारूबाईचे हातपाय मात्र गळले नव्हते. तिनं म्हाताऱ्याच्या किटल्या उतरवायला घेतल्यासुद्धा. "बाबा, सायकल द्या. पोरीचा मामा हाय ह्यो. किटल्या मी संबाळते, गाडी बी संबाळते. अप्पा, तुमी हाणा सायकल. ह्यांच्या पायात जीव न्हाय आता."

बसलिंगप्पा सायकलवर बसला, रामहरी मागं कॅरिअरवर, एका हातानं टोपी आणि एका हातानं अप्पाची पाठ धरून. आता त्या पायांना कोणी आवरणार नव्हतं. सायकल अशी निघाली की उसाच्या गाडीचे बैल बिचकले आणि गाडीवाल्यानं दोघांच्याही आईची आठवण काढली.

मैलभर गेल्यावर उसापलीकडून लाऊडस्पीकर ऐकू यायला लागला. आधी सनई. मग खरखर झाली आणि भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणावं."

"अप्पा!"

"ऐकलं की!"

पुन्हा खरखर. "मुहूर्ताची वेळ जवळ आली आहे. मुलीचे मामा आबासाहेब यांनी मुलीला घेऊन यावं."

रामहरीनं अप्पाचा सदरा मुठीत आवळला. सदरा पाठीवर टरकला. बसलिंगप्पाला कळलंही नाही. तो पेडलवर उभा राहून सायकल मारत होता आणि घंटी एकसारखी वाजवत होता, जशी काही घंटी तिथं मांडवात ऐकू जाणार होती.

मांडवाच्या तोंडाशी सायकल आडवी झाली. रामहरी धुळीतून उठला आणि टोपीशिवायच घराकडं धावला. दारात रंभाबाई उभी होती. आबासाहेब बाजूला फेटा सावरत घुटमळत होते. त्यांनी दोनदा हात पुढं केला होता आणि नवरी दोन्ही वेळा हात पदरात घेऊन बसली होती. रंभाबाईनं भावाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"झालं रुसून?"

"झालं."

"तोंडावरची धूळ तरी पूस. पोरगी भील."

आबासाहेबांनीच आपला फेटा उतरवून रामहरीच्या डोक्यावर ठेवला, आणि रामहरीनं भाचीपुढं हात धरला. तिनं तो लगेच धरला.

दारापासून बोहल्यापर्यंत तीस पावलं असतील. घाईघाईनं आलेला मामा आता घाई विसरला. एक पाऊल टाकी, थांबे, भाचीकडं बघे, मग दुसरं टाकी. भटजी घड्याळ दाखवत होते. बसलिंगप्पा फाटक्या सदऱ्यानिशी मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, कोणीतरी त्याच्या मुठीत अक्षता दिल्या होत्या आणि त्याचा गुडघा हलत होता. शेवटी त्याला राहवेना.

"मामा, जरा पाय उचला की!"

"गप बसा वो अप्पा," रामहरी मागं न बघता म्हणाला, "आता न्हाय पळत मी."

सगळा मांडव हसला. अंतरपाट धरला गेला. पहिल्या मंगलाष्टकाचं सावधान व्हायच्या आधीच बसलिंगप्पानं मुठीतल्या सगळ्या अक्षता उधळल्या. नवरानवरी लांबच राहिले. त्या अर्ध्याअधिक रामहरीच्या पाठीवर पडल्या. उरलेल्या सगळ्या मंगलाष्टकांना तो रिकामा हातच उडवत राहिला.