मटार सोलायची चार मिनिटं

गेल्या डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. रक्कम अठरा हजार. हजर होते आमच्या नाशिकच्या सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, आणि सांस्कृतिक समितीतल्या तीन बायका, त्यांतली एक माझीच बायको. सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी काय कार्यक्रम ठेवायचा हे ठरवायचं होतं. दरवर्षी ऑर्केस्ट्रा असतो. मी म्हणालो, यंदा नाटक ठेवू, आणि तेही नवं.

"नवं म्हणजे कोणतं?" अध्यक्षांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. ते माझ्या बायकोशिवाय कोणीच ऐकलं नव्हतं.

"ज्याचं नाव ऐकलं नाही ते कशाला बघायचं?"

"बघितल्याशिवाय नाव कसं ऐकणार?" माझी बायको म्हणाली.

हे नाटक आम्ही दोघांनी नोव्हेंबरमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये पाहिलं होतं. प्रेक्षक तीसेक. त्यातले निम्मे नटांचे नातेवाईक, बाकीच्यांत काही जण कोणाला तरी गाडीवरून सोडायला आलेले. मला नव्या नाटकांचा वैताग येतो तो नाटकांमुळे नाही, अशा हॉलमुळे येतो. आपल्याकडे लग्नात जेवताना दर दोन पंगतींमागे एक माणूस तरी मराठी रंगभूमीची काळजी करत असतो. त्याला विचारावं, गेल्या दोन वर्षांत नवं नाटक कोणतं पाहिलंत? तो वडिलांबरोबर लहानपणी पाहिलेल्या नाटकाचं नाव सांगतो. पास असला तर कळवा, असंही म्हणतो. मिसळीला कुटुंबासकट आठशे रुपये मोजणाऱ्या माणसाला दीडशेचं तिकीट खुपतं, कारण नाटक कसं निघेल ते माहीत नाही. मला मात्र तेच आवडतं. जुन्या नाटकात कुठे हसायचं हे मला आधीच ठाऊक असतं. नव्यात सगळेच सारखे अडाणी असतात.

ठराव चार विरुद्ध दोन मतांनी झाला. तिन्ही बायका माझ्या बाजूने होत्या. अध्यक्षांनी इतिवृत्तात "खजिनदारांच्या आग्रहावरून" हे शब्द घालायला लावले. पुढे काही झालं तर ते माझ्या माथी मारण्याची सोय होती ती, आणि मी तसं तिथेच बोलून दाखवलं.

नाटक लिहिणारी मुलगी सिन्नरची. वय तीसच्या आसपास. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती माल तपासण्याचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी तालमी घेते. तिच्या संचात चौघं जण. मुख्य काम करणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत, त्यांची पिठाची गिरणी आहे. नाटकात नवरा, बायको आणि मुलगा अशा तिघांचं कुटुंब आहे. मुलगा पुण्याला असतो आणि आई-वडिलांचा नाशिकचा फ्लॅट विकायला काढलाय. घर बघायला एक गिऱ्हाईक येतं. ते बाईंना प्रश्न विचारतं. पाणी किती वाजता येतं, ऊन कुठून येतं, शेजार कसा आहे? प्रत्येक वेळी उत्तर नवरा देतो किंवा मुलगा देतो. बाई तोंड उघडतात तोवर उत्तर होऊन गेलेलं असतं. शेवटी पुरुषमंडळी पार्किंग दाखवायला खाली जातात. बाई एकट्या उरतात, समोर परातीत मटार. त्या मटार सोलायला घेतात. चार मिनिटं नुसत्या सोलतात. मग बोलतात. सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकामागून एक, मोकळ्या खुर्च्यांकडे बघत. नाटक संपतं.

शाळेच्या हॉलमध्ये त्या चार मिनिटांत माझ्या बायकोने माझा दंड धरला होता. आमच्या घरी पाणी किती वाजता येतं ते मला विचारू नका, असं मी दुसऱ्या दिवशी दुधवाल्याला म्हणालो. त्याला काही कळलं नाही.

सव्वीस जानेवारीला थंडी कडक होती. पार्किंगमध्ये स्टेज, दीडशे खुर्च्या, मागच्या बाजूला पावभाजीवाला. नाटक बरं चाललं होतं. मुलाच्या फोनवर लोक हसले. गिऱ्हाइकाने संडासाचं दार उघडून बघितलं तेव्हा तर खूपच हसले. मग पुरुषमंडळी गेली, बाई बसल्या आणि मटार सुरू झाले.

पहिलं मिनिट ठीक गेलं. दुसऱ्या मिनिटाला खुर्च्या वाजायला लागल्या. माझ्या मागे कोणीतरी कुजबुजलं, "विसरली वाटतं." पुढच्या ओळीतून दुसरं कोणी म्हणालं, "अरेरे." आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

या काकू मनाने फार चांगल्या आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादं पोर स्टेजवर कविता विसरून उभं राहिलं की आपण सगळे काय करतो? टाळ्या वाजवतो. पोराची लाज झाकायची असते. तेच त्यांनी केलं. त्यांचं बघून बाकीच्यांनी केलं. दीडशे माणसांनी एका शहाण्यासुरत्या बाईला विसरभोळ्या पोरासारखं सांभाळून घेतलं. मी उभा राहून हाताने थांबा, थांबा करत होतो. ते बघून लोकांना वाटलं मी उभं राहून दाद देतोय, आणि दहा-बारा जण उभेच राहिले.

मागून पावभाजीवाल्याने अध्यक्षांना खूण केली. अध्यक्ष शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर गेले. बाईंच्या खांद्यावर शाल आली तेव्हा त्यांच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "कधीकधी होतं असं. पण प्रयत्न चांगला होता. आता जेवण तयार आहे."

बाई परात उचलून आत गेल्या. नाटक लिहिणारी पडद्यामागे उभी होती. मी आत गेलो तर ती मला म्हणाली, "काका, ताईंना जेवायला बोलावू नका. त्या नाही यायच्या."

त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं. नाटक छान पण शेवटी बाई संवाद विसरल्या. विसरल्या तरी धीराने मटार सोलत राहिल्या, कौतुक आहे. वय झालं की होतं असं. मी लिहिलं की त्या विसरल्या नव्हत्या, ते नाटकातच होतं. त्यावर एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. दुसऱ्याने लिहिलं, "खजिनदारसाहेब बाजू घेणारच, आग्रह त्यांचाच होता."

दोन दिवसांनी पैशाचा विषय निघाला. पाच हजार आगाऊ दिले होते. तेरा द्यायचे राहिले होते. अध्यक्ष म्हणाले, आठ देऊ.

"का?"

"शेवट झालाच नाही. अर्धवट मालाचे पूर्ण पैसे तुम्ही तुमच्या ऑफिसात देता का?"

"शेवट तुम्ही थांबवलात. शाल घेऊन."

"मी टाळ्या पडल्यावर गेलो. टाळ्या पडल्यावर जायचं नाही तर कधी जायचं? आणि चार मिनिटं गप्प बसायचे पैसे मागतात होय? मग आमच्या घरी मला महिन्याला लाखभर मिळायला हवेत."

सेक्रेटरी हसले. मी नाही हसलो. मी त्या मुलीला फोन करून जे ठरलं ते जसंच्या तसं सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही. ती म्हणाली,

"काका, पाच हजारांनी आम्ही मरत नाही. उद्या तुमच्याकडे पैसे नाहीत म्हणालात तर मी आठच घेईन. पण ताई विसरल्या म्हणून कमी, असं असेल तर नको. मग आठही नको. त्या गिरणीवर कोणाशी धड बोलत नाहीयेत. मला विचारत होत्या, मी खरंच विसरले होते का गं? मला आता खात्री वाटत नाही, म्हणाल्या. पुढच्या महिन्यात आमचा स्पर्धेत प्रयोग आहे. त्या नाही म्हणतायत."

हे ऐकून मला जो राग आला तो मी अध्यक्षांवर काढला नाही, कारण ते भेटले नाहीत. बायकोवर काढला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिडून काय होणार? शेवट राहिलाय ना, मग तेवढा करायला बोलवा. बघू दे सगळ्यांना."

अध्यक्षांनी मान्य केलं, पण अटी घातल्या. स्टेज नाही, माइक नाही, खुर्च्यांचं भाडं नाही, गाडीभाडं नाही. आणि शेवट झाला असं समितीला वाटलं तरच तेरा. त्या बाईंना तयार करायला त्या मुलीला किती बोलावं लागलं ते मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला दोघी सिन्नरहून जीपने आल्या. पंचवटीत उतरून त्यांनी मंडईतून मटार घेतले. जुने नकोत, ताज्या शेंगांचा आवाज वेगळा येतो म्हणे. लोकांनी घरातून आपापल्या खुर्च्या आणल्या. मला पंधरा माणसांची आशा होती, साठ आली. नाटकासाठी नाही, अध्यक्ष आणि खजिनदाराचं भांडण बघायला आली. कशाने का होईना, आली.

त्या मुलीने पुढे येऊन इतकंच सांगितलं की नवरा आणि मुलगा गिऱ्हाइकाला घेऊन खाली गेलेत. बाई जमिनीवर बसल्या आणि सोलायला लागल्या. पहिल्याच शेंगेतला एक दाणा परातीबाहेर उडाला, तो त्यांनी उचलून परत टाकला. आमच्याच सोसायटीतला एक जण बाहेरून स्कूटरवर आला. त्याने इंजिन बंद केलं आणि हेल्मेट न काढता तसाच उभा राहिला. काकूंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. मला वाटलं थंडीमुळे. नंतर त्यांनी सांगितलं, वाजतील की काय या भीतीने.

मग बाई बोलायला लागल्या.

"पाणी सकाळी सव्वासहाला येतं. सातला जातं. तेवढ्या वेळात दारावर कोणी आलं तर उघडायचं नाही."

"ऊन हॉलमध्ये येत नाही. येतं म्हणून सांगितलं त्यांनी. ते स्वयंपाकघरात येतं, दुपारी तीननंतर. त्या वेळी ते घरी नसतात, त्यांना कसं माहीत असणार?"

"शेजारीण चांगली आहे. तिला मी आवडत नाही, पण चांगली आहे."

थोडं थांबून, परात मांडीवरून खाली ठेवत, "घर विकायचं का, हे कोणी विचारलं नाही. त्यामुळे त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही."

संपलं. पण कोणी टाळी वाजवेना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "झालं का? की अजून आहे?"

"झालं."

"नक्की ना? नाहीतर परत आमच्या नावाने ओरडाल."

"झालं म्हणतोय ना."

मग त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनीही. बाई उठल्या. नमस्कार वगैरे न करता नाटक लिहिणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "बघ, आलं की सगळं. पाण्यापासून सगळं आलं." मुलगी म्हणाली, "मी म्हणत होते ना." ग्रुपवर विसरल्याचं लिहिणाऱ्यांपैकी एक गृहस्थ पुढे येऊन त्यांना म्हणाले की त्या दिवशी त्यांचा जरा गैरसमज झाला. बाई म्हणाल्या, "माझाही झाला होता." स्पर्धेच्या प्रयोगाच्या तारखेवरून दोघी तिथेच बोलायला लागल्या.

अध्यक्ष मात्र अध्यक्षच. जाता जाता मला म्हणाले, "चांगलं होतं हो. पण हे त्याच दिवशी करायला काय झालं होतं?"

चेकबुक खिशातच होतं. स्कूटरच्या सीटवर ठेवून अध्यक्षांची सही घेतली, खाली माझी केली. तेरा हजारांचा चेक सिन्नरच्या नाट्यसंस्थेच्या नावाने लिहिला आणि नाटक लिहिणाऱ्या मुलीच्या हातात दिला. जाण्यायेण्याचे आणि मटारचे मिळून सहाशे रुपये सोसायटी देणार नव्हती, ते मी माझ्या खिशातून गिरणीवाल्या बाईंना दिले. त्यांनी मोजून घेतले.